शिडाच्या होड्यांना काठावर जागा द्या: तलाव सांभाळणाऱ्यांना अनावृत पत्र

प्रति,
तलाव आणि जलाशयांचा कारभार पाहणारे अधिकारी व सेलिंग क्लबांच्या व्यवस्थापन समित्या

स.न.वि.वि.

आमची मागणी एकच आहे. तलावाच्या काठावर शिडाच्या छोट्या होड्यांसाठी कायमची जागा राखून ठेवा. पाण्याला लागून असलेली, डोलकाठी उभी ठेवून होडी लावता येईल आणि दोघांनी ट्रॉली ढकलली की सरळ उतारावरून पाण्यात जाईल, अशी जागा. एका होडीला ट्रॉलीसकट साधारण पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जमीन पुरते. मोटार उभी करायला याहून जास्त लागते.

तलावांच्या नियमावल्यांमध्ये पाण्यावर काय करायचं आणि काय नाही याबद्दल भरपूर लिहिलेलं असतं. वेग किती हवा, लाइफ जॅकेट कुणी घालायचं, कुठल्या भागात जायचं नाही, हे सगळं असतं आणि असायलाच हवं. पण होडी पाण्याबाहेर आली की तिने राहायचं कुठे, याबद्दल एखादंच वाक्य सापडतं आणि तेही पुष्कळदा ‘सूर्यास्तापूर्वी सर्व होड्या आवारातून हलवाव्यात’ असं असतं. ते लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. काठ मोकळा दिसावा, रात्री काही चोरीला गेलं तर जबाबदारी अंगावर येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असतं. मात्र जिथे हे वाक्य काटेकोरपणे पाळलं जातं, तिथलं सेलिंग हळूहळू आटतं. ट्रेलरवरून आलेली मोटारबोट उतरते, फिरते, परत ट्रेलरवर चढते. तिचं काही अडत नाही. शिडाच्या होडीचं अडतं. कसं, ते जरा सविस्तर सांगते.

पहिलं कारण वारा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला मैलोन् मैल अडवणारं काही नसतं. तलावाभोवती टेकड्या असतात, इमारती असतात, धरणाची भिंत असते, झाडांच्या रांगा असतात. अशा रांगेच्या मागे वारा झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहूनही लांब, विस्कटलेला राहतो. शिवाय कित्येक तलावांवर दिवसाचा वारा उन्हावरच चालतो. भोवतालची जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा निघते. संध्याकाळी जमीन निवली की वारा पडतो. इटलीतल्या गार्डा तलावावर हे चक्र इतकं नियमित आहे की तिथल्या वाऱ्यांना नावं आहेत: पहाटेपासून सकाळपर्यंत उत्तरेकडून वाहणारा पेलेर आणि दुपारी दक्षिणेकडून येणारा ओरा. जगभरातले सेलर तिथे सरावाला जातात ते या भरवशावर. बाकीच्या बहुतेक तलावांना हा भरवसा नाही. तिथे चांगला वारा तास-दोन तास मिळतो. तेवढ्यात होडी तयार असली तर माणूस पाण्यावर असतो, नाहीतर काठावर उभा राहून हलणाऱ्या झाडांकडे बघत बसतो.

ट्रेलरवरून आणलेली चौदा फुटी होडी पाण्यात घालायला काय काय लागतं, ते कृपया एकदा रॅम्पपाशी, म्हणजे होड्या पाण्यात उतरवायच्या उतारापाशी, थांबून बघा. आधी पट्टे सोडायचे, मग डोलकाठी उतरवायची आणि तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारा एकेक करून सुट्या करायच्या. एकाने काठीचा तळ खोबणीत दाबून धरायचा, दुसऱ्याने ती हातांवर पेलत पुढे सरकत उभी करायची. तिसरा कुणी असला तर तो पुढची तार ओढून पिन घालतो. नसला तर दोघांपैकी एकजण एका हाताने काठी सावरत दुसऱ्या हाताने पिनेचं भोक शोधत राहतो, आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याची झुळूक येते. पिन बसली की तिच्यात कडी अडकवायची, कडीवर टेप गुंडाळायचा. दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण सारखा आहे का ते बोटाने दाबून बघायचं. मग बूम (शिडाच्या खालची आडवी काठी), मग सुकाणू, मग हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, कुठे पिळलं गेलंय ते वर मान करून शोधायचं, आणि एवढं झाल्यावर शीड. सरावलेल्या दोघांनाही यात पाऊण तास सहज जातो. परत आल्यावर हेच सगळं उलट्या क्रमाने, ओल्या अंगाने, अंधार पडायच्या आत. काठी उभी असलेली होडी काठावरच असेल तर कव्हर काढायचं, शीड चढवायचं, सुकाणू लावायचं, पाणी काढायच्या भोकाचं बूच घट्ट करायचं आणि निघायचं. दहा-पंधरा मिनिटांत होडी पाण्यात असते.

दिवसभराचं काम आटोपून येणाऱ्या माणसाला संध्याकाळचे दोनच तास मिळतात. पाऊण तास जोडणीत आणि पाऊण तास आवरण्यात गेला तर तो पहिल्या महिन्यात उत्साहाने येतो, दुसऱ्या महिन्यात रविवारीच येतो आणि पुढच्या मोसमात होडी विकायला काढतो. खांद्याचं दुखणं असलेल्या वयस्कर सेलरला होडी चालवणं उत्तम जमतं, पण डोलकाठी उभी करणं जमत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही ते जमत नाही, आणि मोठ्यांनी दर वेळी सोबत यावं अशी त्यांची परिस्थिती नसते.

होड्या आखणाऱ्यांनी या अडचणीवर उपाय शोधलेच नाहीत असं नाही. क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली मुलांसाठी केलेली ऑप्टिमिस्ट जेमतेम २.३ मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची आहे. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लायवूडची मिरर डिंगी आखली, तेव्हा सगळ्या काठ्या होडीच्या लांबीतच मावाव्यात अशी योजना केली, म्हणजे होडी मोटारीच्या टपावरून नेता यावी. ब्रूस कर्बी यांच्या लेझर नावाच्या होडीचा हल, म्हणजे काठी-शिडाशिवायचा नुसता सांगाडा, ५९ किलोंचा आहे, तिची डोलकाठी दोन तुकड्यांची आणि तिला आधाराच्या तारा नाहीतच. या तिन्ही होड्यांनी हजारो सामान्य माणसांना पाण्यावर आणलं. पण टपावरून न्यायची होडी झाली तरी तिला आधी मोटार लागते, घरी ठेवायला गॅरेज किंवा अंगण लागतं. तुम्ही काठावर जागा नाकारता तेव्हा नकळत असा निवाडा देता की ज्याच्याकडे मोटार, ट्रेलर आणि गॅरेज आहे त्यानेच सेलिंग करावं. तलाव सगळ्यांचा असेल तर हा निवाडा योग्य नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरं कारण जिवाशी संबंधित आहे. डोलकाठ्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात, काही कार्बनच्या. वीज दोन्हींतून वाहते. चार मीटरच्या होडीची काठी सहा मीटरच्या आसपास उंच असते आणि होडी ट्रॉलीवर असली की तिचं टोक आणखी वर जातं. उच्च दाबाच्या तारेला काठीने स्पर्श करायलाच हवा असं नाही; पुरेशी जवळ आली की वीज मधलं अंतर ओलांडते. रोज बाहेरून होड्या येणाऱ्या तलावांवर माणसं जागा मिळेल तिथे काठी उभी करतात, कधी पार्किंगच्या कोपऱ्यात, कधी रस्त्याच्या कडेला, आणि मग काठी उभी ठेवूनच होडी रॅम्पकडे ढकलत नेतात. त्या सगळ्यांची नजर तेव्हा चाकांवर आणि खड्ड्यांवर असते, वर कुणीच बघत नसतं. होड्यांचं आवार पाण्यालगत असलं आणि आवारापासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर एकही तार नसली, तर हा धोका मुळातूनच जातो. जिथे तारा आहेत तिथे त्या हलवून घ्या किंवा जमिनीखालून न्या. ते होईपर्यंत मोठ्या अक्षरांतली पाटी आणि काठी उभी करायला आखून दिलेली सुरक्षित जागा, एवढं तरी आजच करता येईल.

आता तुमच्या बाजूने सगळ्यात महत्त्वाचा असलेला मुद्दा. होडीला काठावर जागा दिली तर तलावाचं नुकसान होईल, अशी भीती बैठकांमध्ये हमखास बोलून दाखवली जाते. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. तलावाला खरा धोका असतो तो आज इथे आणि उद्या तिथे फिरणाऱ्या होडीपासून.

झेब्रा शिंपल्याचं उदाहरण घ्या. हा नखाएवढा पट्टेदार शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. उत्तर अमेरिकेत तो पहिल्यांदा ओळखला गेला १९८८ मध्ये, ग्रेट लेक्सच्या साखळीतल्या सेंट क्लेअर तलावात. समुद्रापलीकडून येणाऱ्या जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला भरलेल्या, पाण्यातून तो आला असावा असं मानतात. बारीक धाग्यांनी तो कशालाही घट्ट चिकटतो, पाणी उपसणाऱ्या पाइपांमध्ये थरावर थर साचतो आणि पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून खात तलावाची सगळी अन्नसाखळी बदलून टाकतो. त्याचाच भाऊबंद असलेला क्वाग्गा शिंपला जानेवारी २००७ मध्ये थेट लेक मीडमध्ये सापडला. कोलोरॅडो नदीवरचा हा जलाशय ग्रेट लेक्सपासून हजारो किलोमीटर दूर आहे आणि मधे जलमार्ग नाही. जमिनीवरून, ट्रेलरवर चढून आलेल्या होडीबरोबरच तो आला असावा, असाच निष्कर्ष काढला गेला. मोठे शिंपले गार, दमट जागी पाण्याबाहेर कित्येक दिवस तग धरतात. त्यांच्या अळ्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत; होडीच्या तळाशी राहिलेल्या लोटाभर पाण्यातून त्या आरामात प्रवास करतात.

पाणवनस्पतींचंही तेच. जलपर्णी कशी पसरते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशा कित्येक वनस्पतींचा बोटभर तुकडा ट्रेलरच्या आसाला किंवा सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) फटीत अडकून आला तरी नवीन तलावात रुजायला पुरतो. म्हणून जगभर होडीवाल्यांना तीन गोष्टी शिकवतात: होडी धुवा, पाणी काढून टाका, पूर्ण वाळवा. मी या नियमाची कट्टर पुरस्कर्ती आहे. पण दर रविवारी शंभर ट्रेलर येत-जात असतील तर प्रत्येकाचं सेंटरबोर्डचं खोबण, प्रत्येकाच्या होडीला तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाकीतला ओलावा आणि प्रत्येकाच्या दोरांच्या पिशव्या कोण तपासणार? जी होडी याच तलावाच्या काठावर राहते आणि याच पाण्यात उतरते, ती दुसऱ्या तलावातून काहीच आणत नाही. मोसमातून एखाद्या वेळी ती स्पर्धेसाठी बाहेर गेलीच, तर परत येताना तिची तपासणी करणं तुम्हाला सहज जमेल, कारण अशा होड्या मोजक्या असतात आणि त्यांचे मालक तुमच्या ओळखीचे असतात. काठावर राहणारी होडी ही तलावाच्या संरक्षणाची व्यवस्था आहे, असं मी म्हणते ते यासाठी.

मग होड्या पाण्यातच नांगरून ठेवल्या तर जमीनही लागणार नाही, असं काहीजण सुचवतात. छोट्या होडीसाठी ते चांगलं नाही आणि पाण्यासाठीही नाही. कायम पाण्यात राहणाऱ्या हलवर शेवाळ आणि जीव चढतात. ते रोखायला विषारी रंग लावावा लागतो, आणि त्यातलं तांबं किंवा दुसरी विषारी द्रव्यं झिरपत पाण्यात उतरतात. ट्रायब्युटिल टिन नावाच्या अशाच एका द्रव्याने शिंपल्यांचं आणि गोगलगायींचं इतकं नुकसान केलं की त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आणावी लागली. तो करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. दिवसातून दोन तास पाण्यात आणि बाकीचा वेळ जमिनीवर असणाऱ्या होडीला असा रंग लागतच नाही. फायबरग्लासच्या हलसाठीही जमीनच बरी. सतत पाण्यात राहिलेल्या फायबरग्लासमध्ये पाणी मुरतं, आतली द्रव्यं विरघळतात आणि पृष्ठभागावर फोड येतात. हे गोड्या पाण्यात खाऱ्यापेक्षा जास्तच होतं.

एवढं पटलं असेल तर आवार कसं असावं तेही सांगते, कारण केवळ मोकळी जमीन दिली आणि कुंपण घातलं म्हणजे आवार झालं असं नाही.

सगळ्यात आधी जमिनीत पक्क्या कड्या हव्यात. रिकामी छोटी होडी फार हलकी असते आणि वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. काठी उभी असलेली साठ किलोंची होडी वादळात उलटते, शेजारच्या होडीवर पडते आणि मग रांगच्या रांग आडवी होते. होडी ट्रॉलीला बांधून भागत नाही, ट्रॉलीही तिच्याबरोबर उडते. हलवरून जाणारा पट्टा दोन्ही बाजूंना जमिनीतल्या कडीलाच बांधला पाहिजे. कड्या काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवलेल्या असाव्यात. रेताड मातीत ठोकलेल्या खुंट्या पहिल्या पावसात सैल होतात.

रॅम्पचा उतारही विचार करून ठरवा. मोटारीने ट्रेलर मागे घ्यायचा असेल तर साधारण १२ ते १५ टक्के उतार बरा पडतो, पण हाताने ढकलायच्या ट्रॉलीला तो जास्त होतो. ओली होडी वर ओढताना दोघांची दमछाक होते. त्यामुळे होड्यांची उतरण्याची जागा वेगळी आणि सौम्य उताराची असली तर फार चांगलं, आणि मोटारबोटींच्या रांगेत थांबायलाही लागत नाही. जलाशयांमध्ये पाण्याची पातळी वर्षभरात कित्येक मीटर वरखाली होते. जास्तीत जास्त पाणी कुठे येतं आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी कुठे जातं, हे दोन्ही बघूनच उताराची लांबी धरा. पाणी ओसरल्यावर रॅम्पचं टोक चिखलात संपतं असे तलाव मी बघितले आहेत. तिथे वर्षातले दोन-तीन महिने आवार असून नसल्यासारखं होतं.

बाकी गोष्टी थोडक्यात: धुवायला नळ, त्या पाण्याचा निचरा तलावाकडे न जाता मातीत मुरेल अशी सोय, ऑप्टिमिस्टसारख्या होड्यांसाठी एकावर एक ठेवायच्या मांडण्या, आणि शिडं व सुकाणू ठेवायला कुलूपबंद खोली. शिडं उन्हात राहू नयेत. पॉलिएस्टरचं कापड उन्हातल्या अतिनील किरणांनी कमकुवत होत जातं, शिवण तर त्याआधीच सुटते.

आता आमच्या बाजूची जबाबदारी, कारण जागा मागायची आणि तिची काळजी तुमच्यावर सोडायची, हे बरोबर नाही. होडी जमिनीवर नीट ठेवणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि प्रत्येक सभासदाने ती शिकलीच पाहिजे अशी अट तुम्ही जरूर घाला.

आवारात पावसाळ्यानंतर एक फेरी मारा. कव्हर मधेच खचलेलं असेल त्या होडीपाशी थांबा. खळग्यात साचलेलं पाणी हिरवट झालेलं दिसेल, त्यात कुजलेली पानं असतील. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं. होडीत नुसतं गुडघ्याएवढं साचलं तरी हलवर काहीशे किलोंचं ओझं येतं आणि ट्रॉलीचा आधार जिथे टेकतो तिथे तळ दबतो. रोटोमोल्डेड, म्हणजे साच्यात घडवलेल्या, प्लास्टिकच्या होडीला तर उन्हात असा पोचा पडतो की तो पुन्हा सरळ होत नाही. हे टाळायला फार काही करावं लागत नाही. कव्हर बूमवरून टाकायचं, म्हणजे त्याला घराच्या छपरासारखे दोन उतार मिळतात. होडीचं नाक थोडं उंच ठेवायचं आणि मागचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे आत शिरलेलं पाणी आपोआप निघून जातं. हवेच्या टाक्यांचीही झाकणं सैल करून ठेवायची. बंद टाकीतली हवा उन्हाने फुगते, रात्री आकसते, आणि रोजच्या या ताणाने सांधे उकलतात. निघण्यापूर्वी बूच आणि झाकणं परत घट्ट बसवली का, हे हाताने चाचपून बघायचं; नुसतं आठवणीवर सोडायचं नाही.

लाकडी होडीची काळजी तलावावर जास्त घ्यावी लागते. खाऱ्या पाण्यातलं मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालतं, पण पावसाचं आणि तलावाचं पाणी ती वाढवतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कूज धरते. अशा होडीला कव्हरखाली वारा खेळता राहायला हवा. कव्हर घट्ट आवळून सगळ्या फटी बंद करणं ही काळजी वाटते, पण त्याने लाकूड आतून कुजतं. गोठणाऱ्या हवेच्या प्रदेशात हिवाळ्यापूर्वी पाण्याचा थेंबही आत ठेवायचा नाही, कारण बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि फट रुंदावतं.

आणि एक आवाजाचं. सैल सोडलेली हॅलयार्ड रात्रभर डोलकाठीवर टणटण आपटत राहतात. काठाजवळ राहणाऱ्यांच्या तक्रारी याच आवाजाबद्दल असतात आणि त्या रास्त असतात. हॅलयार्डभोवती एक दोरी घालून ती बाजूच्या तारेकडे ओढून बांधली की आवाज पूर्ण थांबतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जो ते करणार नाही त्याला नोटीस द्या.

बेवारस होड्यांबद्दल तुमची चिंता खरी आहे. प्रत्येक आवारात कोपऱ्यात अशा दोन-चार होड्या असतात: टायर बसलेले, आतून झाड उगवलेलं, मालकाचा पत्ता नाही. फायबरग्लास कुजत नाही आणि वितळवून पुन्हा वापरताही येत नाही, त्यामुळे ती विल्हेवाट अवघड असते. फ्रान्सने २०१९ पासून होड्या बनवणाऱ्यांवरच जुन्या होड्या मोडीत काढण्याची जबाबदारी टाकली आहे. तेवढं सगळीकडे होईपर्यंत आवाराच्या पातळीवर सोपा मार्ग आहे. प्रत्येक होडीवर दरवर्षी बदलणारी क्रमांकाची पट्टी, जागेचं भाडं आगाऊ आणि एक अनामत रक्कम, आणि सलग दोन मोसम पाण्यात न उतरलेल्या होडीच्या मालकाला पत्र. उत्तर नाही आलं तर होडी क्लबच्या मुलांना शिकवायला वापरावी किंवा मोडीत काढावी, असं करारातच लिहून घ्यावं. हा नियम कडक वाटेल, पण प्रतीक्षायादीत थांबलेल्या माणसाच्या जागी उभं राहून बघितलं तर तो न्याय्यच वाटेल.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तलाव लहान दिसतो म्हणून लोक त्याला सौम्य समजतात. पण टेकडीवरून उतरणारा झोत क्षणात दिशा बदलतो आणि छोटी होडी उलटते. उलटणं हा या खेळाचा भागच आहे. पाणी गार असेल, विशेषतः १५ अंश सेल्सिअसच्या खाली, तर पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास अनावर होतो, आणि तेवढ्यात लाइफ जॅकेट नसलं तर चांगला पोहणाराही बुडू शकतो. अशा वेळी होडी सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही, होडीला धरून राहायचं. काठावर कुणाचं तरी लक्ष असलं तर मदत लवकर पोचते. ज्या तलावावर होड्यांचं आवार आहे, तिथे संध्याकाळी माणसं असतात. कुणी दोर बदलत असतं, कुणी हल धूत असतं, आणि प्रत्येकाला ठाऊक असतं की आत्ता पाण्यावर कोण आहे. दारापाशी एक फळा लावा. जाणाऱ्याने आपल्या क्रमांकाचा बिल्ला त्यावर टांगायचा, आल्यावर काढायचा. अंधार पडल्यावर बिल्ला तसाच दिसला तर बचावाची होडी लगेच निघते. ट्रेलरने एकटाच आलेला आणि एकटाच पाण्यात उतरलेला माणूस परतला नाही, हे कळायला मात्र पार्किंगमध्ये उरलेल्या मोटारीकडे कुणाचं तरी लक्ष जावं लागतं.

काठ सगळ्यांचा आहे, तिथे फिरायला येणाऱ्यांना, पक्षी बघणाऱ्यांना, मासे धरणाऱ्यांनाही जागा हवी, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. वेताची बेटं, पक्ष्यांची घरटी, उथळ किनाऱ्यावरची माशांची वीण, या जागा आम्ही मागतच नाही. जिथे आधीच रॅम्प आहे, रस्ता आहे, पायाखाली तुडवलेली जमीन आहे, तिथेच आवार करा. वीस होड्या तेवढ्याच मोटारींपेक्षा कमी जागेत बसतात.

तुमच्या पुढच्या बैठकीआधी दोनदा काठावर या, एकदा पाणी भरलेलं असताना आणि एकदा ओसरलेलं असताना. सोबत नकाशा आणा. त्यावर पाण्याच्या दोन्ही रेषा, विजेच्या सगळ्या तारा, वाऱ्याची नेहमीची दिशा आणि सध्याचा रॅम्प, एवढं आखा. होडी चालवणारे दोघे-तिघे, मासेमारी करणारे आणि काठालगत राहणारे यांनाही बोलवा. मोजपट्टी आम्ही घेऊन येऊ, आणि कड्यांसाठी खड्डे खणायला माणसंही आम्हीच देऊ. सुरुवात दहा होड्यांच्या जागेने, एका मोसमापुरती करा. मोसमाच्या अखेरीस रॅम्पवरच्या ट्रेलरच्या फेऱ्या किती कमी झाल्या, तक्रारी किती आल्या आणि पाण्यावर नवीन किती माणसं उतरली, हे तुम्हीच मोजा आणि मग पुढचं ठरवा.

कळावे,

आपली नम्र,
तलावाच्या पाण्यावर शीड लावणारी एक होडीवाली